ब्लॅक अँड व्हाइट राक्षसपट: ट्रेमधलं बोलणारं मुंडकं, उकळती रसायनं आणि कट न घेता रूपांतर

निशाचर
वेड्या शास्त्रज्ञावर शॉर्टफिल्म करतोय, १९५० च्या दशकातल्या स्वस्त राक्षसपटांच्या ढंगात. डिजिटलवर रंगीत शूट करून नंतर ब्लॅक अँड व्हाइट करणार. बजेट नाहीच म्हणा. व्हीएफएक्स नको, जे करायचं ते कॅमेऱ्यासमोर. तीन ठिकाणी अडलंय:
१) टेबलावरच्या ट्रेमध्ये बोलणारं मुंडकं
२) चमकणारं, उकळणारं द्रावण आणि टेबलावरून ओघळणारा धूर. अल्ट्राव्हायोलेट ट्यूब आणि हायलायटरची शाई वापरावी म्हणतोय. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) मिळतोय.
३) शास्त्रज्ञ औषध पितो आणि त्याच शॉटमध्ये त्याचा चेहरा बदलतो

जुनी_रिळं
तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण ब्लॅक अँड व्हाइटचा खरा फायदा तिथेच आहे. १९३१ च्या 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड'मध्ये दिग्दर्शक रूबेन मामूलियन आणि कॅमेरामन कार्ल स्ट्रस यांनी रंगीत मेकअप आणि रंगीत फिल्टर वापरून हेच केलं. लाल प्रकाशात त्वचा आणि लाल रंग दोन्ही सारखेच उजळ दिसतात, त्यामुळे रेघा गायब. हिरव्या प्रकाशात तोच लाल रंग काळा पडतो.

तुम्हाला फिल्टर लागणार नाही, दोन आरजीबी एलईडी (हवा तो रंग लावता येणारे दिवे) पुरेत. दोन्ही एकाच स्टँडवर एकाखाली एक लावा. वेगवेगळ्या बाजूंना लावले तर प्रकाश बदलताना सावल्या सरकतात आणि युक्ती उघडी पडते. एक शुद्ध लाल, दुसरा हिरवा. लाल उतरवत हिरवा चढवायचा, ६ ते ८ सेकंदांत.

मेकअपसाठी मॅट, शुद्ध लाल पेन्सिल घ्या. मरून किंवा तपकिरी अजिबात नको, ती लाल प्रकाशातही दिसते. डोळ्यांच्या खोबण्या, गालफडं, कपाळाच्या आठ्या ठळक भरा. नाजूक रेघा वाया जातात. त्वचा सावळी असेल तर हिरव्या प्रकाशात ती स्वतःच गडद होते आणि फरक कमी दिसतो. मग आधी एक-दोन छटा उजळ फाउंडेशनचा थर द्या.

आता कुठे फसतं ते. चेहऱ्याशेजारी पांढरा कागद धरून दोन्ही दिव्यांत त्याचा उजेड सारखा येईल असे दिवे जुळवा, नाहीतर प्रेक्षकाला चेहरा नाही, दिवा बदललेला दिसतो. ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स बंद. लाल प्रकाशात एकटा लाल चॅनेल फुटतो (अति उजेडाने तपशील जातात) आणि एकूण एक्स्पोजर मात्र ठीक वाटतं, म्हणून आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा यांचा वेगवेगळा आलेख) बघूनच एक्स्पोजर ठरवा. खिडकीतून थोडासा जरी उजेड आला तरी रेघा आधीच दिसायला लागतील. आणि फ्रेममध्ये दुसरी कुठलीही लाल वस्तू ठेवू नका, तीही 'रूपांतरित' होईल!

काळं_कापड
मुंडक्याची युक्ती सिनेमाहून जुनी. १८६५ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये 'स्फिंक्स' नावाने हा प्रयोग झाला होता: तीन पायांचं टेबल, पायांच्या मध्ये ४५ अंशांत आरसे. आरशात बाजूचे पडदे दिसतात आणि प्रेक्षकाला वाटतं, टेबलाखाली मोकळी जागा आहे. पण कोणी टेबलाच्या बाजूने गेलं की त्याचे पाय आरशात उमटतात. तुम्ही आरशांच्या भानगडीत पडू नका, जमिनीपर्यंत चादर सोडा. 'द ब्रेन दॅट वुडन्ट डाय' (१९६२) मध्येही मुंडकं टेबलावरच्या ट्रेमध्ये आहे. मान जिथे ट्रेला मिळते ती जागा पटली, की बाकीचं प्रेक्षक मानूनच घेतो.

टेबलाचा वरचा भाग दोन अर्ध्या प्लायचा करा, मानेच्या घेराएवढी खाच दोन्हींत निम्मी-निम्मी. ट्रे पातळ अॅल्युमिनियमचा, मागच्या कडेपासून भोकापर्यंत चिरलेला, म्हणजे फाकवून मानेभोवती बसवता येतो. कापलेल्या कडांना आधी कापडी टेप लावा, नाहीतर गळा खरंच चिरेल. मानेभोवतीची फट गॉज, रबरी नळ्या आणि चॉकलेट सिरपने झाका. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये त्याच्यासारखं रक्त नाही. नट खाली खुर्चीवर बसलेला हवा, गुडघ्यांवर उकिडवा नव्हे. खांदे हलले की प्लाय हलते आणि ट्रेमधलं सिरप थरथरतं. दर दहा मिनिटांनी त्याला बाहेर काढा.

परीक्षानळी
अल्ट्राव्हायोलेट विसरा. ती चमक मंद असते, बाकीचे दिवे विझवावे लागतात, आणि शेवटी रंगच काढून टाकणार असाल तर उरतं काय? राखाडी पाणी. लाल, हिरव्या, निळ्या तीन बाटल्यासुद्धा एकाच करड्या रंगाच्या निघू शकतात. त्याऐवजी लिटरभर पाण्यात पाच-सहा थेंब दूध टाका आणि टेबलाला भोक पाडून चंबूच्या बुडाखाली एलईडी लावा. नितळ पाण्यातून प्रकाश आरपार जातो. दुधाचे कण तो पसरवतात, म्हणून अख्खा चंबू आतून पेटल्यासारखा दिसतो. उकळीसाठी फिश टँकचा एअर पंप आणि एअर स्टोन (बारीक बुडबुडे काढणारा सच्छिद्र दगड), नळी चंबूच्या मागून. पंप फ्रेमबाहेर फोमवर ठेवा, त्याची घरघर संवादात येते.

ड्राय आइस उणे ७८.५ अंशांवर असतो. जाड हातमोजे हवेत, आणि थेट काचेत टाकू नका, तडा जातो. बूच तर कधीच लावू नका. कोमट पाण्यापेक्षा गरम पाण्यात धूर दाट येतो, पण लवकर संपतो, त्यामुळे टेक सुरू होतानाच तुकडे टाका.

निशाचर
रंगांचा हिशेब चांगलाच कळला. मग तोच ड्राय आइस ट्रेच्या मागे लपवला तर धूर मुंडक्याभोवतीच पसरेल?

परीक्षानळी
तसं करू नका, नट गुदमरेल. एक किलो ड्राय आइसपासून सुमारे ५०० लिटर कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तो हवेहून जड. म्हणजे नटाच्या नाकाशी साचणार, वर प्लायमध्ये मान अडकलेली, पटकन उठताही येणार नाही. चादरीच्या आतही तो उतरतो. राक्षस जमिनीवर पडलेला असेल त्या शॉटलाही हेच.

मुंडक्यासाठी अल्ट्रासॉनिक मिस्ट मेकर घ्या, पाण्यात बुडवायची चकती असते तो. चकतीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी. जास्त झालं की धुकं येतच नाही. अडॅप्टर पाण्यापासून लांब. शिंतोडे उडतात, म्हणून भांड्यावर जाळीचं कापड ताणा, नाहीतर दोन टेकमध्ये मानेवरचं सिरप धुऊन जाईल.