टीव्हीतच सॅटेलाइट ट्यूनर सरसकट का देत नाहीत?

प्रश्न: डीडी फ्री डिश मोफत आहे. मग कंपन्या प्रत्येक टीव्हीत डीव्हीबी-एस२ ट्यूनर (उपग्रहाचा सिग्नल थेट टीव्हीत घेणारा भाग) का बसवत नाहीत?

उत्तर १: नुसती चिप पुरत नाही. डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडून केबलमध्ये पाठवणाऱ्या भागाला) टीव्हीतूनच १३/१८ व्होल्ट आणि २२ किलोहर्ट्झचा टोन (नियंत्रणाचा सिग्नल) द्यावा लागतो. केबल शॉर्ट झाली तर बोर्ड जळू नये म्हणून संरक्षणही हवं. खर्च प्रत्येक सेटवर, वापरणारे मात्र थोडेच.

उत्तर २: माझ्या मते खरी अडचण एन्क्रिप्शनची, म्हणजे वाहिन्या कुलूपबंद करून पाठवण्याची. सशुल्क डीटीएचला त्यांचाच बॉक्स लागतो. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) अंगभूत सॅटेलाइट ट्यूनरच्या टीव्हीसाठीचं २०२२चं मानक, आयएस १८११२, चांगलं आहे. पण त्याने मोफत वाहिन्यांपुरताच प्रश्न सुटतो.

उत्तर ३: डीव्हीबी-टी२चंही (जमिनीवरच्या टॉवरवरून अँटेनाला मिळणाऱ्या डिजिटल प्रक्षेपणाचंही) तेच. दूरदर्शनने २०१६मध्ये १६ शहरांत सुरू केलं, मुंबईतही. पण त्यावर खासगी वाहिन्याच नसतील तर मागणी येणार कुठून?