सुपर बोलचे मध्यंतर आणि पिढ्यांची आवड

सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या वार्षिक अंतिम सामन्याच्या, मध्यंतरातील गाण्याबजावण्याचा कार्यक्रम पूर्वी सर्वांसाठी असे आणि आता तो केवळ तरुणांसाठी उरला आहे, या मताशी मी सहमत नाही. १९६७ च्या पहिल्या सामन्यात विद्यापीठांची वाद्यपथके मैदानावर उतरली आणि पुढेही बरीच वर्षे तोच साचा चालू राहिला. १९९२ मध्ये मात्र मिनियापोलिसला हिवाळ्यावर बेतलेला कार्यक्रम सुरू असताना फॉक्स या प्रतिस्पर्धी वाहिनीने विनोदी कार्यक्रम दाखवून लाखो प्रेक्षक ओढून घेतले, तेव्हा कुठे आयोजकांना जाग आली आणि पुढच्याच वर्षी पासाडिनात मायकेल जॅक्सनला पाचारण करण्यात आले. २००४ मध्ये कार्यक्रमादरम्यान गायिका जॅनेट जॅक्सनचे वक्ष क्षणभर उघडे पडले, त्या प्रकरणानंतर तर पॉल मॅकार्टनी, रोलिंग स्टोन्स, ब्रूस स्प्रिंगस्टीन असे ज्येष्ठांच्या आवडीचेच कलाकार सलग काही वर्षे आले (त्यांत २००७ साली मायामीच्या पावसात गायलेला प्रिन्स मला आजही सर्वश्रेष्ठ वाटतो). २०२२ च्या कार्यक्रमातील रॅप ज्यांना 'नव्या पोरांचे' वाटले, त्यांनी ते सादर करणारे डॉ. ड्रे आणि स्नूप डॉग या दोघांनीही तेव्हा पन्नाशी गाठली होती आणि त्यांची गाणी नव्वदच्या दशकात तरुण असलेल्यांची होती, हे ध्यानात घ्यावे.