पँटो मूक नसतो हो!
कुणीतरी पँटोमाइम म्हणजे मूकनाट्य असं लिहिलंय. इंग्लंडमधल्या खेड्यातल्या पँटोला (पँटोमाइमचं छोटं नाव, गाणी-विनोदांनी भरलेलं परीकथेचं नाटक) एकदा बसा, कानठळ्या बसतील! आमच्याकडे दर जानेवारीत व्हिलेज हॉलमध्ये असतो, सगळी हौशी मंडळी. 'डेम' म्हणजे नायकाची आई, ती पुरुषानेच करायची. यंदा पोस्टमन होता, पट्ट्यापट्ट्यांचे मोजे आणि फुग्यांची छाती लावून. एक फुगा मध्येच फुटला, पठ्ठ्याने त्यावरही टाळ्या घेतल्या. खलनायक नटांच्या डाव्या विंगेतून येतो, परी उजव्या. तो दिसला की पोरं 'बूऽऽ' करतात आणि रंगमंचावरच्या पात्राला 'तुझ्या मागे आहे बघ!' म्हणून आज्याही बेंबीच्या देठापासून ओरडतात. आणि हो, शेवटची ओळ तालमीत कुणी म्हणत नाही; अपशकुन मानतात.