आईबरोबर युरोपातलं एकच शहर : अनुभव धागा

ठाणे, ऐरोली, वाशी, खारघरच्या मंडळींसाठी हा धागा. दहा दिवसांत सात देश नकोत. एकच शहर, चार-पाच रात्री, बरोबर साठी-सत्तरीची आई : गुडघे कुरकुरणारी, शाकाहारी, पण हौशी. प्रवासवर्णन नको. काय करायचं, कुठे अडतं आणि का अडतं, तेवढं लिहा.

पाचपाखाडी

आधी कागद. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो, अगदी उशिरा म्हणजे पंधरा दिवस आधी. पण एप्रिल-मेच्या अपॉइंटमेंटा फार लवकर संपतात. शुल्क जून २०२४ पासून ९० युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाआकार. व्हिसा नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. बोटांचे ठसे ५९ महिने चालतात, म्हणून आई आधी शेंगेनला गेली असेल तर जुन्या व्हिसाची प्रत जोडा.

खरी गाठ नावांची. आई गृहिणी असेल तर खर्च मुलगा किंवा मुलगी करते, मग नातं सिद्ध करावं लागतं. आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव असतं, ते तिच्या पासपोर्टवरच्या नावाशी जुळतंय का ते आधी पाहा. एकीकडे माहेरचं आडनाव, दुसरीकडे सासरचं, किंवा नुसतं स्पेलिंग वेगळं, असं आपल्याकडे घरोघरी सापडतं. प्रतिज्ञापत्र तरी जोडा, नाहीतर वेळेत वागळे इस्टेट गाठून पासपोर्टच दुरुस्त करून घ्या. सोबत खर्चाची हमी देणारं पत्र, आपलं आयकर विवरण आणि बँकेचा उतारा. बाबांचं पेन्शन असेल तर तोही कागद लावा, परत येण्याची कारणं जितकी ठळक तितकं बरं.

विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. स्वस्तातली पॉलिसी व्हिसाला पुरते, आजारपणाला पुरेलच असं नाही. बीपी, मधुमेह फॉर्ममध्ये लपवू नका. जुन्या आजारातून उद्भवलेला खर्च मिळणार का, ते कलम वाचूनच पैसे भरा.

ऐरोली सेक्टर ८

शहर निवडताना प्रेक्षणीय स्थळांची यादी बाजूला ठेवा, जिने मोजा. प्राग कितीही सुंदर असलं तरी जुन्या भागात दगडी फरसबंदी आहे, आणि मेट्रोचे सरकते जिने लांब, उभे आणि वेगवान. लिस्बनला चढच चढ. या हिशोबात माझं मत व्हिएन्नाला. रस्ते सपाट, ट्राम दारात. थांब्यावरच्या फलकावर ट्रामपुढे व्हीलचेअरचं चिन्ह दिसलं की ती खालच्या पायरीची. तीच पकडा.

रिंगरस्ता, म्हणजे जुन्या शहराभोवतीचा गोल रस्ता, ट्राममधून बसून बघता येतो, पण एकाच ट्रामने पूर्ण फेरी होत नाही. ऑपेरापाशी १ नंबर पकडून संसदेवरून श्वेडनप्लाट्झ, तिथे उतरून २ नंबरने परत ऑपेरा. २४ तासांचं तिकीट असलं की कितीही चढउतार करा. कागदी तिकीट पहिल्या प्रवासाआधी निळ्या यंत्रात टोचून घ्यायचं. विकत घेतलं पण टोचलं नाही तर ते विनातिकीटच धरतात आणि दंड शंभर युरोंच्या वर.

श्टेफान्सडोम या मोठ्या चर्चच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत. उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे, मोठी घंटाही तिथेच. पाटी न वाचता पहिल्या रांगेत उभं राहिलं की घोळ होतो. शोनब्रुनला राजवाड्याचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं. बाग फुकट. ग्लोरिएट ही बागेतली कमानींची वास्तू टेकडीवर आहे, खालून छान दिसतं. चढलंच पाहिजे असं काही नाही.

नळाचं पाणी डोंगरातल्या झऱ्यांचं, पहिली जलवाहिनी १८७३ ची. बाटल्या विकत घेऊ नका. रविवारी दुकानं बंद, मोठ्या रेल्वे स्थानकांतली सुपरमार्केटं तेवढी उघडी. शनिवारी संध्याकाळीच दूध-फळं आणून ठेवा.

खारघर

ऐरोलीकर, पॅरिसला इतक्यात फुली मारू नका. फक्त तिथे मेट्रो विसरायची आणि बस धरायची. मेट्रोत सगळ्या स्थानकांवर लिफ्ट फक्त १४ नंबरच्या मार्गाला, बाकी बहुतेक ठिकाणी जिने आणि लांबलचक बोगदे. बस जमिनीलगत वाकते आणि खिडकीतून शहर दिसतं. पण २०२५ पासून बस-ट्रामचं तिकीट वेगळं आणि मेट्रो-रेल्वेचं वेगळं. एकाच तिकिटावर बसमधून मेट्रोत किंवा उलट जाता येत नाही.

संग्रहालयांपैकी लूव्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी. लूव्रमध्ये व्हीलचेअर फुकट वापरायला मिळते. ज्या आया विमानतळावर "मला नको ती खुर्ची" म्हणतात त्याही दुसऱ्या दालनानंतर तयार होतात. आयफेलच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या. लिफ्टची तिकिटं आधी संपतात, म्हणून व्हिसा हातात आला की पहिलं काम तेच.

कोपरी

हॉटेल घेताना चार गोष्टी ईमेलने विचारा. लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून आहे का? (जुन्या इमारतींत अर्धा जिना चढल्यावर लिफ्ट सुरू होते.) बाथटब आहे की सपाट शॉवर? टबची कड गुडघ्याएवढी उंच असते आणि आत निसरडं, घसरण्याची जागा तीच. पलंग दोन वेगळे मिळतील का? खोलीत किटली आहे का?

संडासात जेट नसतो. प्लास्टिकची पिचकारी-बाटली किंवा छोटा मग बॅगेत हवाच. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, त्यामुळे किटली घरून नेता येते, पण आपली तीन पिनांची तिथे बसत नाही, अॅडॉप्टर लागतो.

वाशी सेक्टर १७

डब्याबद्दल. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, श्रीखंड घरीच. आंबा आणि कढीपत्ताही नको, ताज्या फळाला-पाल्याला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. केळं आणि नारळ त्यातून सुटलेत. चिवडा, तेलातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, भाजलेली मेतकुटाची पुडी, गरम पाणी घालून होणारे पोहे चालतात. लोणचं हातातल्या बॅगेत नको, सुरक्षा तपासणीत ते द्रव धरतात आणि १०० मिलीच्या वर काढून घेतात.

बाहेर खाताना सूप विचारूनच घ्या. व्हिएन्नाचं फ्रिटाटेनझुपं दिसायला साधं, आत डोशासारख्या पट्ट्या तरंगतात, पण पाणी गोमांसाचं असतं. केझश्पेट्झले हा चीज घातलेला नूडल्ससारखा पदार्थ, मांस नसतं, अंडं असतं. अंडंही नको असेल तर फलाफल, बटाटे, पिझ्झा, एवढ्यात भागवायचं.

घोडबंदर रोड

विमानतळावरच्या व्हीलचेअरची मागणी विमान कंपनीकडे किमान ४८ तास आधी नोंदवा. त्यात प्रकार असतात : जिने चढता येतात पण लांब चालवत नाही, तर डब्ल्यूसीएचआर, जिनेही जमत नाहीत, तर डब्ल्यूसीएचएस. दुसऱ्या प्रकारातल्या आईला पहिला लिहिलात तर विमान दूर उभं असताना शिडी उतरायची वेळ येते. युरोपातल्या विमानतळांवर याचे पैसे घेत नाहीत. खुर्चीवाले प्रवासी सगळ्यांत शेवटी उतरतात, तेव्हा मधला थांबा अडीच तासांहून कमी नको.

तिकिटावर बीओएम (मुंबईचा जुना विमानतळ) आहे की एनएमआय (नवी मुंबईचा), ते गाडी ठरवण्याआधी पाहा. आता मुंबईला विमानतळ दोन आहेत.

नेरुळ

घोडबंदरकर, गोळ्यांच्या वेळेचं काय करायचं? आई सकाळी आठला थायरॉइडची आणि नंतर बीपीची घेते.

घोडबंदर रोड

उन्हाळ्यात व्हिएन्ना-पॅरिस आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे उन्हाळ्यात आपले आठ ते तिथले पहाटेचे साडेचार. सरकवायची की नाही आणि कशी, ते निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, खासकरून इन्सुलिन असेल तर. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. गोळ्या मूळ पाकिटात आणि चिठ्ठीवर औषधाचं रासायनिक नाव, कारण आपली ब्रँडनावं तिथल्या फार्मसीला कळत नाहीत. दोन दिवसांच्या गोळ्या आईच्या पर्समध्ये वेगळ्या.