२००४ ला मॅक ९.६ गाठला, मग हायपरसॉनिक विमान अजून का नाही?

कुपवाड_मेक:
नमस्कार मंडळी, सांगलीत मेकॅनिकलला तिसऱ्या वर्षाला आहे, सेमिनारला स्क्रॅमजेट घेतलाय, म्हणजे आत येणारी हवा आवाजापेक्षा वेगात वाहत असतानाच इंधन जाळणारं इंजिन. नासाच्या एक्स-४३ए या बिनमाणसाच्या विमानानं नोव्हेंबर २००४ ला मॅक ९.६ च्या आसपास, म्हणजे आवाजाच्या साधारण ९.६ पट वेग गाठला, आपल्या डीआरडीओनं सप्टेंबर २०२० ला एचएसटीडीव्ही हे स्क्रॅमजेटचं चाचणी यान मॅक ६ ला उडवलं, म्हणजे सेकंदाला २ किमी, सांगलीतनं साताऱ्याला मिनिटभरात. मग माणूस बसून जाईल असं हायपरसॉनिक, म्हणजे मॅक ५ च्या वरचं विमान का होत नाही, नेमकं अडतंय कुठं? सर म्हणतात मटेरियल, पण एवढ्यावर सेमिनार कसा उभा करू?

कराडकर_सर:
वेग हा अवघड भाग नाहीच, तो रॉकेटनं दिलेला असतो. एक्स-४३ए बी-५२ या मोठ्या बॉम्बर विमानाच्या पंखाखालनं सोडलं, पेगासस रॉकेटनं वर नेलं, आणि स्वतःचं इंजिन चाललं साधारण १० सेकंद, तेपण हायड्रोजनवर, जो पटकन पेटतो. इंजिन तांब्याचं होतं, तेवढ्या वेळाची उष्णता त्यानं शोषून घेतली. मिनिटं काढायची म्हटलं की तो मार्ग बंद. म्हणून एक्स-५१ हे अमेरिकेचं पुढचं स्क्रॅमजेट यान नीट बघ. त्यात जेट इंधन आधी इंजिनच्या भिंतीतनं फिरवतात, भिंत थंड राहते आणि तापलेलं इंधन लवकर पेटतं. मे २०१३ ला ते २१० सेकंद चाललं, मॅक ५.१ पर्यंत. त्याआधीच्या ३ उड्डाणांत २ फसली होती, एकदा तर दिशा सांभाळणारा कंट्रोल फिनच दगा देऊन गेला, इंजिन पेटवायची वेळच आली नाही.

मिरज_फौंड्री:
मटेरियलवर मी सांगतो. लोकं घर्षण घर्षण करतात, पण टोकाला मुख्य तापतं ते हवा दाबली जाते म्हणून. ३० किमीवर हवा उणे ४५ च्या आसपास असते, तरी मॅक ६ ला टोकावर थांबलेली हवा साध्या सूत्रानं १५०० सेल्सिअसच्या वर जाते. आम्ही बिडाचा रस साच्यात साधारण १४०० ला ओततो, त्याच्यापेक्षा गरम हवा अंगावर घेऊन उडायचंय हे. आणि नुसता धातू भारी घेऊन भागत नाही बरं का, एक्स-१५ या रॉकेट विमानाला इनकोनेलचं, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूचं कातडं होतं, ऑक्टोबर १९६७ ला त्याचा पायलट पीट नाइटनं मॅक ६.७ केला तेव्हा खाली रॅमजेट इंजिनाचा नकली नमुना लावलेला, त्याच्या शॉकवेव्हनं, म्हणजे अतिवेगानं अचानक दाबल्या गेलेल्या हवेच्या लाटेनं, वरच्या आधाराला भोकं पाडली आणि तो रॅमजेटच गळून पडला. एका भागाची शॉकवेव्ह दुसऱ्यावर कुठं आदळते हे बघणं लई महत्त्वाचं.

कुपवाड_मेक:
दादा हे भारीच, हे कुठल्या स्लाइडमध्ये नव्हतं. पण मग जमिनीवरच टेस्ट करून का नाही संपवत?

कराडकर_सर:
करतात की. हैदराबादला डीआरडीओच्याच डीआरडीएल प्रयोगशाळेनं एप्रिल २०२५ मध्ये स्क्रॅमजेटचा कंबस्टर, म्हणजे इंधन जळतं तो भाग, १००० सेकंदांवर चालवला, अभिमान वाटावा असंच काम आहे. पण तो सबस्केल, म्हणजे खऱ्यापेक्षा लहान आकाराचा होता, आणि जमिनीवर तेवढी गरम हवा बऱ्याचदा इंधन जाळून, वरनं ऑक्सिजन मिसळून करतात, त्यात वाफ येते, म्हणजे ती वरची हवा राहत नाही. शेवटी उडवावंच लागतं. शिवाय स्क्रॅमजेट उभ्या जागी सुरूच होत नाही, आधी दुसऱ्या इंजिनानं वेग द्यायचा, म्हणजे एका विमानात दोन इंजिनांचं वजन, प्रवासी विमानाचं खरं दुखणं हेच.

माझं ऐकशील तर विषय लहान कर, 'एक्स-५१ मधलं इंधनानं केलेलं कूलिंग' एवढाच घे, एचएसटीडीव्ही आणि २०२५ ची टेस्ट शेवटच्या दोन स्लाइडमध्ये.