सीईटीत ५४ पर्सेंटाइल. दीड लाख भरून डिग्री, पॉलिटेक्निक की आयटीआय?

दिघोरीचा मामा
भाचीची बारावी सायन्स झाली. पीसीएमला ५८ टक्के, सीईटीत ५४ पर्सेंटाइल. मोटर, वायरिंग, सोलर यांत तिचं मन रमते, म्हणून इलेक्ट्रिकल हे नक्की आहे. ओबीसी, घरचं उत्पन्न साडेतीन लाख. कॅपची, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी झालेली आहे. पण एक खासगी कॉलेज व्यवस्थापन कोट्यातली सीट देऊन राहिलं, वर्षाला दीड लाख, आणि दोन दिवसांत पैसे भरा म्हणते. त्यासाठी बँकेचं कर्ज काढावं लागेल. आजोबांचं म्हणणं, डिग्रीशिवाय पोरीला कोणी विचारणार नाही. भाऊजींचं म्हणणं, आयटीआय केलं तर दोन वर्षांत हाताला काम. डिग्रीवर एवढा खर्च करण्यात अर्थ आहे का, हे जाणकारांनी सांगावं जी.

रोहित्र
मामा, ते पैसे भरू नका. डिग्री घ्यावी की नाही हा पुढचा प्रश्न, आधी सीट कोणत्या दारातून घेता ते बघा.

राज्य सरकारच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांना ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींचं शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर. अट एकच मोठी: प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या सीटला ही सवलत मिळत नाही. म्हणजे त्याच कॉलेजात, त्याच बाकावर, एका मुलीचं शिकवणी शुल्क शून्य आणि दुसरीचं चार वर्षांचं सहा लाख. ५४ पर्सेंटाइलला नावाजलेलं कॉलेज मिळणार नाही, पण इलेक्ट्रिकलच्या जागा शेवटच्या फेऱ्यांत बऱ्याच ठिकाणी रिकाम्या असतात. हॉस्टेल, बस, इतर शुल्कं मात्र खिशातूनच.

घोळ होतो तो कागदांत. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला हे चारही लागतात. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपलेली असते आणि ते कोणाच्या लक्षातच येत नाही, मग नाव खुल्या गटात जाते. सेतू केंद्रात आजच अर्ज टाका. बँक खातं आधारशी नुसतं जोडलेलं पुरत नाही, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, सीडिंग झालेलं आहे का ते बँकेत विचारा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा सवलतीचा अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो.

आणि ‘सीट धरून ठेवतो’ म्हणून कोणी मूळ टीसी नि मार्कशीट मागितली तर देऊ नका. कॅपमध्ये नंबर लागला की तेच कागद लागतात, आणि ते परत मिळवायला चकरा माराव्या लागतात.

हप्त्याचं_गणित
कर्जाचा हिशेब मांडतो, म्हणजे आजोबांना दाखवता येईल. दरवर्षी दीड लाख, व्याज १० टक्के धरू. शिकताना आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण साधं व्याज चालूच असते: पहिल्या दीड लाखावर ५ वर्षांचं, दुसऱ्यावर ४, मग ३, मग २. मिळून २ लाख १० हजार. सहा लाखांचे झाले ८ लाख १० हजार. दहा वर्षांचा हप्ता साधारण १०,७०० रुपये. म्हणजे ११ हजारांच्या आत-बाहेरच्या पहिल्या नोकरीत काहीच उरत नाही, आणि २० हजारांच्या नोकरीत अर्धा पगार गेला.

साडेसात लाखांपर्यंत घर गहाण ठेवावं लागत नाही, हे ऐकून लोक निश्चिंत होतात. पण सहकर्जदार म्हणून बाप असतो. हप्ता चुकला तर सिबिल त्याचंही बिघडते आणि उद्या धाकट्यासाठी कर्ज मिळत नाही.

कर्ज काढायचंच झालं तर हप्ता सुरू होईपर्यंतचं व्याज वेळच्या वेळी भरत जा. पहिल्या वर्षी महिना १,२५०, मग २,५००, मग ३,७५०, मग ५,०००, आणि शिक्षणानंतरच्या वर्षातही ५,०००. एवढं केलं तर पुढचा हप्ता ७,९०० वर येतो.

दुसरी_पाळी
डिग्रीला अर्थ आहे का, याचं उत्तर नोकरीच्या जाहिरातीतल्या पात्रतेच्या रकान्यात असते. महावितरणचा विद्युत सहायक: दहावी आणि आयटीआय इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट: दहावी आणि आयटीआय, किंवा डिप्लोमा. रेल्वेत ज्युनिअर इंजिनीअर: डिप्लोमा. महावितरणमध्ये डिप्लोमावाल्यांची आणि डिग्रीवाल्यांची प्रशिक्षणार्थी पदंही वेगवेगळी. एमपीएससी, बँक पीओ, तलाठी: डिग्री पाहिजे, पण कोणतीही. त्यासाठी इलेक्ट्रिकलच्या चार वर्षांची गरज नाही, मुक्त विद्यापीठाची बीए किंवा बीकॉमही चालते. इंजिनीअरिंगची डिग्री मात्र दूरशिक्षणाने घेऊ नका, ती ग्राह्य धरत नाहीत.

या मुलीसाठी मला पॉलिटेक्निक सर्वांत भक्कम वाटते. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे दोन वर्षांत डिप्लोमा. सरकारी पॉलिटेक्निकची फी वर्षाला काही हजारच आहे. नागपुरात सदरचं शासकीय तंत्रनिकेतन १९१४ सालचं, आणि स्वायत्त आहे. पुढे वाटलं तर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. एकूण ५ वर्षं लागतात, थेट डिग्रीपेक्षा एकच जास्त, पण मध्ये कुठेही थांबावं लागलं तरी हातात डिप्लोमा असतो. बीई तिसऱ्या वर्षात सोडलेल्याच्या हातात नोकरीला चालेल असं सहसा काही नसते.

मुलं अडकतात कुठे, तेही सांगतो. बारावीवरून आलेल्यांचं ड्रॉइंग आणि वर्कशॉप झालेलं नसते, कारण ते डिप्लोमाच्या पहिल्या वर्षातच होऊन गेलं असते. आणि डिप्लोमावरून डिग्रीत गेलेल्यांना गणित-३ मारते, लाप्लास आणि फूरिए. त्याचा पाया बीईच्या पहिल्या वर्षात घालतात आणि यांनी ते वर्ष केलेलंच नसते. भाचीने बारावीचं इंटिग्रेशन विसरू नये, रद्दीत ती वही घालू नये.

आयटीआय कमी नाही, पण नुसतं सर्टिफिकेट घेऊन थांबलं तर हिंगणा एमआयडीसीत कंत्राटदाराकडे रोजंदारी. नंतरची वर्षभराची अप्रेंटिसशिप हवीच. रेल्वेच्या नागपूर विभागात आणि मोतीबाग वर्कशॉपमध्ये ती निघते, परीक्षा नसते, दहावीच्या आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. म्हणून दहावीचे मार्क बघूनच आशा धरा. अप्रेंटिसशिप म्हणजे पक्की नोकरी असं समजू नका. रेल्वेच्या लेव्हल-१, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीच्या पदांमध्ये २० टक्के जागा अशांसाठी राखीव असतात, परीक्षा मात्र तिथेही द्यावी लागते.

सोलरचं स्वतःचं काम काढायचं मनात असेल तर पॅनेल बसवायला डिग्री कोणी विचारत नाही. पण वीजजोडणीच्या चाचणी अहवालावर परवानाधारक विद्युत कंत्राटदाराची सही लागते, आणि तो परवाना शिक्षण व अनुभव बघून मिळतो. तिथे डिप्लोमा कामी येतो.

दिघोरीचा मामा
पैसे भरत नाही, ठरलं. पण कॅपमध्ये एखादं डिग्री कॉलेज लागलंच तर ते बरं आहे की नाही, कसं ओळखायचं?

रोहित्र
नॅक आणि एनबीए ही दर्जाची मानांकनं. नॅक पूर्ण कॉलेजचं असते, एनबीए शाखेचं. इलेक्ट्रिकलला एनबीए आहे का आणि त्याची मुदत कोणत्या वर्षापर्यंत, हे विचारा. प्लेसमेंटच्या फलकावरचा सर्वांत मोठा आकडा सोडून द्या. इलेक्ट्रिकलचे किती जण बसले, किती जण रुजू झाले, आणि मधल्या क्रमांकाच्या मुलाचा पगार किती, एवढंच. शक्य असेल तर दुपारी मशीन्सची लॅब बघून या. मोटर फिरत असेल आणि मुलं स्वतः रीडिंग घेत असतील तर ठीक. मशीनवर धूळ आणि वहीत मागच्या बॅचचेच आकडे असतील तर ते कॉलेज यादीत खाली टाका.

पर्याय भरताना एक लक्षात ठेवा: पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. म्हणून जिथे खरंच जायचं नाही ते नाव पहिलं टाकू नका. आणि पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचा अर्ज वेगळा असतो, त्याच्या तारखा वेगळ्या. दोन्ही भरून ठेवा.