मशीनपेक्षा मोजणीचं बघा
अहो, ईव्हीएम मशीन नको, कागदी मतपत्रिका परत आणा म्हणताय, पण पेटीत शाई ओतायचे ते दिवस विसरलात का? 2024 च्या विधानसभेला मी ठाण्यात वर्तकनगरला पोलिंग एजंट, म्हणजे केंद्रावर उमेदवाराचा माणूस होतो, पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, 50 मतं टाकून चिठ्ठ्यांशी जुळवली, मग सगळं क्लिअर करून सील, त्यावर आमच्या सह्या. मशीनवर माझा राग नाहीये. व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राची चिठ्ठी काचेमागे 7 सेकंद दिसते नि पडते, पण मोजतात दर मतदारसंघात फक्त 5 केंद्रांच्या. सुप्रीम कोर्टानं चिठ्ठ्यांची 100 टक्के मोजणी नाकारली, ठीक, पण 5 च्या 25 करायला काय हरकत आहे? आणि संध्याकाळी फॉर्म 17 सी, म्हणजे केंद्रावर किती मतं पडली त्याचा हिशेब घ्यायला अर्धे एजंट थांबतच नाहीत, माझ्या बाजूचा तर चारला वडापाव खायला गेला तो गेलाच.